गाडी गरम होते, पण कधी? जुन्या पद्मिनीच्या इंजिनाचा ताप कसा शोधायचा

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले "अं" आणि "हां" काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आजचा विषय आहे जुन्या गाडीचं गरम होणारं इंजिन. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी आजोबांची नाहीतर काकांची जुनी फियाट कव्हर घालून उभी आहे? "आता काय, ती जरा चालवली की उकळते" असं म्हणून ती गाडी कोपऱ्यात गेलेली असते. आणि मग एक दिवस भंगारवाला येतो.

मुंबईकरांना पद्मिनी वेगळी सांगायला नको. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात बनणारी ही फियाट ११००, १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. पुढे तीच मुंबईची काळी-पिवळी झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. पण लोकांनी हौसेने सांभाळलेल्या खाजगी पद्मिनी अजून आहेत, आणि त्यांच्या मालकांची पहिली तक्रार बहुतेक वेळा एकच असते. गाडी गरम होते.

माझं म्हणणं असं की हे वाक्य अर्धं आहे. पूर्ण वाक्य म्हणजे "गाडी अमुक वेळेला गरम होते." डॉक्टरकडे गेलो की ते आधी विचारतात ना, ताप सकाळी येतो की संध्याकाळी, थंडी वाजून येतो की तसाच? तसंच हे. "कधी" याचं उत्तर मिळालं की निम्मं निदान झालं. ते न विचारता सुटे भाग बदलत बसलात तर खिसा रिकामा होतो आणि गाडी गरमच राहते.

आधी दोन मिनिटं, आत काय चालतं ते

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलेंडरचं. पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते, तिच्यातला छोटा हिस्सा चाकं फिरवतो. ढोबळमानाने एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि साधारण तेवढाच पाण्याला बाहेर न्यावा लागतो. म्हणजे गाडी पळवायला जेवढी ताकद लागते, जवळजवळ तेवढी उष्णता रेडिएटरने सतत फेकायची असते.

पाण्याचा प्रवास असा. वॉटर पंप, म्हणजे गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडी, पाणी इंजिनात ढकलते. तापलेलं पाणी वरच्या होज पाईपमधून रेडिएटरच्या वरच्या टाकीत येतं. बारीक नळ्यांमधून खाली उतरताना हवेने थंड होतं आणि खालच्या होजमधून परत पंपाकडे जातं. मधे थर्मोस्टॅट असतो, फिटर लोक त्याला "वॉल" म्हणतात. इंजिन थंड असताना तो रस्ता बंद ठेवतो. पाणी साधारण ८० अंशांच्या पुढे गेलं की उघडतो.

म्हणजे गोष्टी तीनच: हवा, पाण्याचा प्रवाह, आणि इंजिन स्वतः किती उष्णता तयार करतंय ते. प्रत्येक बिघाड या तीनपैकी एका खात्यात जातो.

पण गाडी खरंच गरम आहे का?

हसू नका. चाळीस वर्षं जुना काटा खोटं बोलू शकतो. विजेवर चालणारा काटा असेल तर हेडलाईट लावून बघा. दिवे लावल्याबरोबर काटा वर सरकला, तर पाणी दोन सेकंदात तापलेलं नसतं. तो अर्थिंगचा किंवा वायरिंगचा घोळ आहे.

दुसरं, लांबून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड बंदूक आता ऑनलाईन सहज मिळते. थर्मोस्टॅटच्या झाकणावर रोखून आकडा बघा आणि काट्याशी ताडून पाहा. चकचकीत धातूवर ही बंदूक चुकीचा आकडा दाखवते, म्हणून तिथे काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावा आणि त्यावर मोजा.

तिसरा गोंधळ व्हेपर लॉकचा. उन्हाळ्यात गाडी सिग्नलला बंद पडते, दहा मिनिटांनी काही न करता सुरू होते. लोक म्हणतात "गरम झाली". काटा मात्र मधेच असतो. इथे पाणी ठीक असतं, पेट्रोल पंपात किंवा पाईपमध्ये पेट्रोलची वाफ झालेली असते. जुने ड्रायव्हर पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचे ते याचसाठी. हा आजार वेगळा. त्यासाठी रेडिएटर बदललात तर पैसे वाया.

चार "कधी"

आता मुद्द्याचं. मोबाईलमध्ये लिहून ठेवा हवं तर.

पहिला: ट्रॅफिकमध्ये उभी असताना गरम होते, पळायला लागली की काटा खाली येतो. हे हवेचं खातं. गाडी पळते तेव्हा हवा आपोआप रेडिएटरमधून जाते. उभी असताना सगळा भार पंख्यावर. फॅन बेल्ट ढिला आहे का बघा. इंजिन बंद असताना अंगठ्याने मधोमध दाबला तर साधारण एक-दीड सेंटीमीटर दबायला हवा. फार जास्त दबला तर तो घसरतोय. रेडिएटरच्या बारीक पत्र्यांमध्ये किडे, धूळ, केस अडकलेत का बघा. अडकले असतील तर इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला हळू पाणी मारून काढा. जोरात मारलं तर पत्रे वाकतात.

दुसरा: सिग्नलला ठीक, पण हायवेला वेग धरला की किंवा घाट चढताना गरम होते. हे प्रवाहाचं खातं. हवा भरपूर मिळतेय, पण पाणी पुरेसं फिरत नाहीये. रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदल्या असतील, वॉटर बॉडीची पाती झिजली असतील, किंवा खालची होज आत ओढली जात असेल. एखाद्या चाकाचा ब्रेक पकडून राहिला असेल तरीही असंच होतं, कारण इंजिनाला विनाकारण जास्त काम पडतं. गाडी थांबवल्यावर चारही चाकांजवळ हात धरून बघा. एक चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम लागलं, तर गुन्हेगार तिथे आहे.

तिसरा: थंड इंजिन सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच उकळते. इथे दोन संशयित. एक, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. तो काढा, पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लटकवा आणि पाणी तापवा. पाणी उकळायच्या आधी तो उघडायलाच हवा. नाही उघडला तर नवीन घ्या. दुसरा संशयित महागडा: हेड गॅस्केट. रेडिएटर थंड असताना टोपी काढून इंजिन सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबतच नसेल, किंवा ऑईल दुधाच्या चहासारखं झालं असेल, तर गॅस्केट उडालंय. तेव्हा गाडी चालवू नका. हेड अॅल्युमिनियमचं असतं, जास्त तापलं की वाकतं. मग नुसतं गॅस्केट बदलून भागत नाही, हेड लेथवाल्याकडे नेऊन फेस मारून घ्यावं लागतं.

चौथा: सर्व्हिसिंग करून आणली आणि तेव्हापासून गरम होते. इथे दोन गोष्टी तपासा. पाणी बदलताना आत हवा अडकली असेल तर ती काढावी लागते. गाडीचं तोंड थोड्या चढावर ठेवा, टोपी उघडी ठेवून इंजिन थंड अवस्थेतून सुरू करा आणि पाणी खाली जाईल तसं भरत राहा. दुसरी गोष्ट टायमिंग. स्पार्क उशिरा पडत असेल तर पेट्रोल उशिरा जळतं, जास्त उष्णता पाण्यात आणि एक्झॉस्टमध्ये जाते आणि गाडी ओढत नाही. आणि हे सर्व्हिसिंगशिवायसुद्धा होतं बरं का. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची टाच हळूहळू झिजते, गॅप कमी होतो, आणि टायमिंग आपोआप मागे जातं. म्हणून जुन्या गाडीत पॉइंटचा गॅप बघणं हा गरम होण्याच्या तपासणीचाच भाग आहे. ही तपासणी फीलर गेजने होते आणि जवळजवळ फुकट असते.

मामाच्या गाडीची गोष्ट

आता हे प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगते. माझ्या मामाकडे पुण्यात १९८६ ची पद्मिनी आहे. आजोबांनी घेतलेली. मामा दर दोन महिन्यांनी साताऱ्याला जायचा आणि प्रत्येक वेळी शिरवळपर्यंत काटा लालमध्ये. एका गॅरेजने आधी फॅन बेल्ट बदलला, मग रेडिएटरची टोपी, मग दोन्ही होज, मग थर्मोस्टॅट काढून फेकून दिला. काहीच फरक नाही. शेवटी म्हणाले, "इंजिन खोलावं लागेल, चाळीस हजार धरा." मामा वैतागून म्हणाला, "विकून टाकतो. आता बाबाही नाहीत, कुणासाठी ठेवू?"

मी म्हटलं, "मामा, विकायची ती विक, पण आधी एक रविवार मला दे."

मी त्याला फक्त एक काम सांगितलं. पुढच्या वेळी गाडी काढशील तेव्हा मोबाईलवर व्हॉईस नोट करत जा. कुठे आहेस, वेग किती, काटा कुठे. शेजारी मामी होतीच, तिने बोलायचं काम केलं. तीन नोंदी आल्या. स्वारगेटच्या ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटं, काटा मधोमध. कात्रजचा बोगदा ओलांडून साठ-पासष्टचा वेग धरला, काटा चढायला लागला. शिरवळच्या आधी लाल. खंबाटकी घाट तर पुढेच राहिला, तिथूनच परतले.

बघा, उत्तर या तीन नोंदींतच आहे. ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटं उभी राहून गरम होत नाही, म्हणजे पंखा ठीक, बेल्ट ठीक. गॅस्केट उडालं असतं तर स्वारगेटलाच तमाशा झाला असता. म्हणजे दुसरा "कधी". वेगात पाणी फिरत नाहीये.

मग गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये टाकली, हँडब्रेक लावला, इंजिन गरम होऊ दिलं. मामाला म्हटलं, हळूहळू अॅक्सिलरेटर दाब. मी बाजूला उभी राहून खालच्या होजकडे टॉर्च मारून बघत होते. एक सूचना: हे करताना ओढणी, मोकळे केस, सैल बाही काहीही पंख्याजवळ जाता कामा नये. हात तर अजिबात नाही.

नुसत्या आयडलला होज गोल आणि टणटणीत. इंजिनाचे फेरे वाढले तशी ती मधे चपटी होत गेली. घट्ट मिल्कशेक पिताना कागदाची स्ट्रॉ आत बसते ना, अगदी तशी. मामाने पाय काढला, होज परत गोल. आता कळलं का गॅरेजला काहीच सापडत का नव्हतं? बॉनेट उघडायचं तर गाडी थांबवावी लागते, आणि गाडी थांबली की पुरावा गायब!

असं का होतं? खालची होज पंपाच्या ओढण्याच्या बाजूला असते. वेग वाढला की ओढ वाढते. म्हणून अनेक जुन्या गाड्यांच्या खालच्या होजमध्ये तारेची स्प्रिंग असते, ती होजला आत बसू देत नाही. नवीन टाकलेल्या होजमध्ये ती नव्हतीच.

पण इथे थांबलो असतो तर काम अर्धं राहिलं असतं, कारण गाडी होज बदलायच्या आधीपासून गरम होत होती. ओढ एवढी जास्त का, हा प्रश्न शिल्लक होता. इंजिन बंद केलं, पंखा थांबला, आणि रेडिएटरच्या जाळीवर इन्फ्रारेड बंदूक वरपासून खालपर्यंत फिरवली. निरोगी रेडिएटरमध्ये वरून खाली तापमान हळूहळू उतरतं. इथे खालचा एक मोठा पट्टा एकदम थंड. म्हणजे तिथल्या नळ्यांमधून पाणी जातच नव्हतं. सोसायटीच्या बोअरचं पाणी वर्षानुवर्षं भरलं होतं. किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो तोच क्षार नळ्यांमध्ये बसला होता. पंप पाणी ओढत होता, रेडिएटर देत नव्हता, आणि मधल्या मधे होज चपटी होत होती.

रेडिएटरवाल्याने दोन्ही टाक्यांचं झाळकाम सोडवून नळ्यांमधून सळई फिरवली. याला रॉडिंग म्हणतात. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरमध्ये हे करता येतं, आताच्या अॅल्युमिनियम-प्लास्टिकच्या रेडिएटरमध्ये नाही. स्प्रिंगवाली होज बसवली. इंजिनाच्या ब्लॉकचा ड्रेन उघडून आतला लाल गाळ धुऊन काढला. काढून टाकलेल्या थर्मोस्टॅटच्या जागी नवीन लावला. सगळं मिळून साडेचार हजारांच्या आत. इंजिन उघडलंच नाही. पुढच्या महिन्यात गाडीने खंबाटकी चढला, काटा मधल्या रेषेच्या थोडा वर गेला आणि माथ्यावर खाली आला. गाडी अजून मामाकडेच आहे.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा का?

आपल्याकडे हा सल्ला सर्रास मिळतो. "आपल्या हवेत वॉलची गरज नाही, काढून टाका." ऐकायला बरोबर वाटतं. पण थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन नीट तापायला फार वेळ लागतो. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं आणि जास्त झिजतं. शिवाय काही इंजिनांमध्ये तो उघडताना रेडिएटर टाळून जाणारी छोटी वाट बंद करतो. तोच काढला तर ती वाट कायम उघडी, आणि पाण्याचा काही भाग थंड न होताच फिरत राहतो. म्हणजे गाडी थंड करायला केलेला उपाय तिला अजून गरम करू शकतो. बिघडला असेल तर बदला, काढून टाकू नका.

पाणी कुठलं आणि टोपी कशाला

बोअरचं पाणी नको. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी खरं तर कूलंटपेक्षा सरस आहे. पण कूलंट गंज थांबवतं आणि उकळायचं तापमान वाढवतं, म्हणून दोन्हीचं मिश्रण.

टोपीचं काम नुसतं झाकण्याचं नाही. ती आत दाब धरून ठेवते. समजा टोपी ७ पीएसआयची आहे, तर आतलं साधं पाणी १०० ऐवजी साधारण १११ अंशांना उकळतं. तिचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं. महाबळेश्वरला तर उंचीमुळे उघडं पाणी ९५-९६ अंशांलाच उकळतं, म्हणजे घाट चढून वर गेल्यावर टोपीची गरज अजून जास्त. नवी घेताना जुन्या टोपीवरचा आकडा बघून तेवढ्याचीच घ्या. जास्त दाबाची लावली तर जुनं झाळकाम फुटू शकतं.

रस्त्यात उकळली तर

हा भाग नीट ऐका, कारण इथे गाडीपेक्षा तुमचा जीव महत्त्वाचा आहे.

काटा लालकडे निघाला की लगेच सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "पुढच्या धाब्यापर्यंत जाऊ" हा विचार करू नका. त्या दोन किलोमीटरमध्ये हेड वाकतं.

गरम रेडिएटरची टोपी कधीही उघडू नका. आतलं पाणी १०० अंशांच्या वर असतं आणि फक्त दाबामुळे पाणी राहिलेलं असतं. टोपी फिरवली की दाब जातो, त्याच क्षणी त्याची वाफ होते आणि कारंजं थेट तोंडावर येतं. फडकं धरून उघडतो म्हणणारेही भाजलेत. किमान अर्धा तास थांबा. वरची होज हाताला कोमट लागली आणि दाबल्यावर मऊ वाटली, मगच टोपी पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, उरलेला दाब जाऊ द्या, आणि नंतर काढा.

तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. हेड किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो. थंड झाल्यावर, थोडं थोडं.

तर करायचं काय?

गाडी मेस्त्रीकडे न्यायच्या आधी एक आठवडा नोंदी ठेवा. जागा, वेग, काटा, चढ होता का, किती वेळ झाला. त्या घेऊन मेस्त्रीसमोर जा. चांगल्या मेस्त्रीला ते आवडतं, कारण त्याचा वेळ वाचतो. आणि जो नोंदी न बघताच "इंजिन खोलू" म्हणतो, त्याला एकच विचारा, "कशावरून?" त्याच्याकडे बुडबुडे, दुधाळ ऑईल, कॉम्प्रेशनचा आकडा असं काही दाखवायला असेल तर ठीक. नसेल तर चावी परत घ्या.

तपासायचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवा. पाण्याची पातळी, बेल्ट, टोपी, होज, पॉइंट आणि टायमिंग. मग थर्मोस्टॅट, मग रेडिएटर, मग वॉटर बॉडी. हेड सगळ्यात शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चार एकदम बदलल्या तर गाडी बरी होईलही, पण कशाने झाली ते कळणार नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात परत पहिल्यापासून सुरुवात.

घरात अशी एखादी गाडी कव्हरखाली असेल तर या रविवारी कव्हर काढा, बॉनेट उघडा, आणि थंड इंजिनाच्या होज नुसत्या हाताने दाबून बघा. पुढच्या भागात जुन्या गाडीचे ब्रेक घेऊ. तोपर्यंत काट्यावर लक्ष ठेवा. भेटूया!